शपथविधीपर्यंत

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवल्यावर तुझी आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, केवळ म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे असे समजू नकोस. बोलताना माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो. लिहिताना तरी तो जागेवर राहील अशी आशा आहे. तू बँकेतली नोकरी सोडून शिकागोच्या लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीतल्या संस्थेत पूर्णवेळ जाणार आणि नोव्हेंबर 2026 मध्ये होणाऱ्या शिकागोच्या शाळा मंडळाच्या निवडणुकीसाठी तिथल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, कुटुंबांत काम करणार, याला माझा विरोध नाही. अमेरिकी नागरिकत्वाचा शपथविधी होईपर्यंत तेवढे थांब, इतकेच माझे म्हणणे होते. जावईबापूंनाही ते पटले असावे, पण ते तुझ्यासमोर बोलत नाहीत.

बाबांना यातले काय कळते, असे तू म्हणालीस. सगळी नोकरी महापालिकेच्या निवडणूक शाखेत काढलेल्या माणसाला दुसरे काही नाही तरी प्रभागरचना कळते. मे 2022 मध्ये तू पाठवलेला शिकागोच्या पन्नास वॉर्डांचा नकाशा अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. 2020 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 27 लाख 46 हजार, म्हणजे दर वॉर्डाला सुमारे 55 हजार माणसे. त्यांत लॅटिनो जवळजवळ 30 टक्के, कृष्णवर्णीयांपेक्षाही किंचित अधिक. त्या हिशेबाने लॅटिनो नगरसेवकांच्या गटाने पंधरा वॉर्ड मागितले आणि तडजोडीत चौदा पदरात पडले. प्रकरण सार्वमताला जाऊ नये म्हणून सभागृहाने तो नकाशा 43 विरुद्ध 7 मतांनी मंजूर केला, तेव्हा तू रडवेली होऊन फोन केला होतास. मी म्हणालो होतो की चौदा ही वाईट संख्या नाही. आजही तसेच म्हणेन, कारण ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून माणसे शहर सोडून गेली, त्यांच्या प्रतिनिधींनाही पिढ्यान्‌पिढ्या झगडून मिळवलेल्या जागा हातच्या जातील ही भीती होती. दोन वंचितांना एकाच खुर्चीसाठी आपसांत भांडायला लावायचे, हा खेळ आपल्याकडे काही कमी पाहिलेला नाही.

संख्येवरून आठवले. कागदावर बहुसंख्य असणे आणि मतपेटीत बहुसंख्य असणे यांत फार अंतर असते, हे तूच मला समजावले होतेस. वॉर्ड आखताना तिथे लहान मुलांसह प्रत्येक माणूस मोजतात, मग तो नागरिक असो वा नसो. मत मात्र अठरा वर्षे पूर्ण झालेला नागरिकच देतो. ज्या वस्तीत मुले जास्त आणि परक्या देशाचे पासपोर्ट जास्त, तिथे 51 टक्के लोकसंख्या असूनही आपला माणूस निवडून येत नाही. म्हणूनच शिकागोच्या वॉर्डरचनेवरच्या ‘केचम विरुद्ध बर्न’ खटल्यात 1984 साली वरिष्ठ न्यायालयाने साध्या बहुमतावर न थांबता साठ-पासष्ट टक्क्यांचा विचार करायला सांगितले. पुढे सात वॉर्डांत 1986 मध्ये फेरनिवडणुका झाल्या, त्यांतून चुई गार्सिया आणि लुईस गुतिएरेझ हे लॅटिनो नगरसेवक सभागृहात आले, आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांना विरोधकांनी 29 विरुद्ध 21 असे अडवून धरलेले सभागृह 25-25 वर येऊन महापौरांचे मत निर्णायक ठरले. हे सगळे मी तुझ्यामुळे वाचले. वाचताना मला रात्री झोप आली नाही, असे तुझी आई सर्वांना सांगत असते.

तू पाचवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या कचेरीत येऊन बसायचीस. अमोनिया प्रिंटच्या वासाने तुझे डोळे चुरचुरत, तरीही प्रारूप नकाशांच्या रद्द झालेल्या प्रतींवर तू रंगीत खडूंनी प्रभाग रंगवायचीस. त्याच वर्षी हरकती व सूचनांच्या सुनावणीला नाल्यापलीकडच्या वडार वस्तीतल्या एक आजी आल्या होत्या. त्यांची वस्ती तीन प्रभागांत वाटली गेली होती. अर्ज कोणाकडून तरी लिहून घेतला होता, खाली निळ्या शाईचा अंगठा होता, आणि साहेबांनी हरकत काय म्हणून विचारल्यावर त्यांनी नकाशावर पसरलेला हात ठेवून ‘हे आमचं एक घर हाय’ एवढेच सांगितले. तू माझ्या खुर्चीमागून पाहत होतीस. हरकत अंशतः मान्य झाली, म्हणजे तीनांचे दोन प्रभाग झाले. तू मला घरी येईपर्यंत दोनच का, एक का नाही, हे विचारत होतीस. आज तू जे करते आहेस ते कुठून आले याचा विचार करताना मला ती दुपार आठवते आणि तुला थांबवण्याचा माझा अधिकार थोडा कमी झाल्यासारखा वाटतो.

तरीही थांब असेच म्हणतो. सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशनच्या लोकांनी शिकागोत जी धरपकड केली, तिच्या बातम्या मी इथे पहाटे उठून वाचत होतो. गळ्यात शिट्टी घालून तू लिटल व्हिलेजच्या सव्विसाव्या रस्त्यावर उभी असतेस, त्यांच्या गाड्या दिसल्या की लोकांना सावध करायला ती वाजवतेस, हे तू सांगितले नाहीस. ते मला दादाच्या मोबाईलवरच्या छायाचित्रातून कळले. नागरिकत्वाच्या अर्जातला तो प्रश्न मी स्वतः वाचला आहे. गुन्हा सिद्ध झाला का, एवढ्यावर तो थांबत नाही. कधी अटक झाली का, ताब्यात घेतले का, हेही विचारतो. नागरिकांनाही ताब्यात घेतले, मग शपथेने काय बदलणार, असे तू विचारलेस. बदलेल ते एवढेच की नागरिकाला सोडावे लागते आणि ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढण्याचा दावा चालवता येतो. आप्पाकाकांची बेळगावच्या हिंडलगा तुरुंगातली कोठडी आपल्या घरात अभिमानाने सांगितली जाते, पण पुढे त्यांच्या पासपोर्टच्या पोलीस पडताळणीचे काय झाले, ते कोणी सांगत नाही. ग्रीन कार्ड मूळचे जवळ ठेव, छायाप्रत नको. कायद्यानेच ते सतत जवळ बाळगावे लागते. मतदार नोंदणीच्या टेबलावर बसलीस तरी स्वतःचे नाव कोणत्याही अर्जावर लिहू नकोस, कोणी आग्रह केला तरी. हे तुला सांगणे म्हणजे आचाऱ्याला मिठाचे प्रमाण सांगणे, हे मला कळते.

हे व्याख्यान झाले, क्षमा असावी. आम्ही आलो होतो तेव्हा तू आम्हाला लिटल व्हिलेजच्या त्या कौलारू कमानीखालून नेले होतेस आणि आईने पानदेरियात, म्हणजे तिथल्या मेक्सिकन बेकरीत, चिमट्याने गोड पाव उचलून ताटात इतके रचले की गल्ल्यावरची बाई हसू लागली. त्याच वस्तीतल्या आया नव्या शाळेसाठी 2001 मध्ये मातृदिनापासून 19 दिवस उपोषणाला बसल्या होत्या, हे तू त्या शाळेच्या फाटकासमोर सांगितलेस. पैसा मंजूर होऊनही इमारत उभी राहत नव्हती, ती 2005 मध्ये उघडली. तुझ्या आईने तेव्हा काही म्हटले नाही, पण इथे परतल्यावर भिशीच्या बायकांना तिने ही हकीकत इतकी रंगवून सांगितली की कोणाला वाटावे ती स्वतःच तिथे बसली होती. शहराच्या सरकारी शाळांत जवळपास निम्मी मुले लॅटिनो असताना मंडळावर कोण बसतो याचा हिशेब त्या वस्तीने मागावा, यात गैर काही नाही. तुझी बाजू योग्य आहे, हे मी लिहून देतो.

एक मधला मार्ग सुचतो. तिथल्या शाळांच्या स्थानिक परिषदांना मत देताना नागरिकत्व विचारत नाहीत, 1988 च्या कायद्यापासून पालक आणि परिसरातले रहिवासी मत देतात, असे तूच सांगितले होतेस. मग शपथ होईपर्यंत ते काम घे, आणि कचेरीतले, नकाशांचे, आकडेवारीचे घे. 2030 च्या जनगणनेनंतर पुन्हा वॉर्ड आखले जातील तेव्हा ते सगळे लागेलच. रस्त्यावर दुसरे कोणी उभे राहील. हे वाक्य लिहून मी खोडणार होतो, कारण दुसरे कोणी म्हणजे कोणाची तरी मुलगीच. खोडत नाही.

आई भाजणी आणि मेतकूट पाठवत आहे. बँकेच्या पत्त्यावर पाठवू नये असे तिला सांगितले आहे. शाळा मंडळाच्या वीस मतदारसंघांचा नकाशा मोठ्या अक्षरांत छापून पाठव, लिटल व्हिलेजची हद्द कुठून जाते ते मला पाहायचे आहे. आणि तुमच्या संस्थेच्या वकिलांचे नाव व दूरध्वनी क्रमांक मला कळव, आईला नको.

तुझा,
बाबा