पुन्हा मांड

प्रिय सखी,

शनिवारी मी घोड्यावर बसले.

हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण घोड्यांचा विषय निघाला की तू गप्प होतेस आणि मग मीही भलतंच काहीतरी बोलायला लागते. माझ्या अपघातानंतरची तीन वर्षं आपण अशीच काढली. म्हणून आज लिहायला बसले आहे.

‘बसले’ म्हणजे मला बसवलं. लाकडी उतारावरून माझी चाकांची खुर्ची ढकलत घोडीच्या पाठीच्या उंचीच्या चौथऱ्यावर नेली. घोडी चौथऱ्याला अगदी खेटून उभी. एकीने मला काखेतून धरलं, दुसरीने माझा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे नेला. तो पाय पलीकडे जाताना मी बघत होते. माझाच पाय, पण कुणीतरी सामान हलवावं तसा. खोगिरावर टेकले आणि दोन्ही मांड्या एकदम ताठ झाल्या, कात्रीसारख्या आत ओढल्या गेल्या. हा ताठरपणा माझ्या हातात नसतो. मी घाबरले नव्हते, पण पाय घाबरल्यासारखे वागत होते. आमच्या बाई म्हणाल्या, “थांबा. आधी तिला चालू दे.”

इथवर यायला किती काळ गेला, ते तुला ठाऊक नाही. दुखापत दहाव्या पाठमणक्याशी. बेंबीपासून खाली स्पर्श पुसट, डाव्या पायात जवळजवळ काहीच नाही, उजव्यात थोडी हालचाल. मज्जारज्जू पूर्ण तुटला नाही म्हणून एवढं तरी उरलं. पहिल्या डॉक्टरांनी घोडा हा शब्द ऐकताच फाइल मिटली. त्यांना मी दोष देत नाही. दुसऱ्यांनी आधी विचारलं, “का बसायचंय?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकलं. मग पाठीतल्या सळया आणि स्क्रू घट्ट आहेत का, ते पाहिलं. हाडांची घनता मोजली, कारण भार न पडणारी हाडं विरळ होत जातात. मांडीचं हाड किरकोळ पिळाने मोडेल आणि मला कळणारही नाही, ही भीती खरी आहे. तशीच कातडीची. खोगिराची एखादी शिवण दहा मिनिटं टोचली तर तू जागा बदलशील, मला ते टोचणं पोचतच नाही आणि त्याची जखम भरायला महिने जातात. म्हणून खोगिरावर मेंढीचं जाड कातडं, पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं आणि घरी आल्यावर आरशात इंच इंच तपासणी. आईने आरसा धरला. बोलली काही नाही, पण हात थरथरत नव्हता.

आता मुद्द्याचं. आपल्याला शिकवताना सांगायचे ना, मांड असते मांड्यांत? गुडघे मिटा, मांड ठोका, मग घोडा उधळला तरी बेहत्तर. इस्पितळात पडल्या पडल्या मी तेच वाक्य घोळवत होते. मांड्याच गेल्या, तर मांड कुठून आणायची? घोडीने पहिली पाच-सात पावलं टाकली तोवर मला नुसतं हेलकावत असल्यासारखं वाटलं. मग बाई म्हणाल्या, “खाली शोधू नका. बरगड्यांत काय येतंय ते ऐका.”

आणि आलं गं. घोड्याची साधी, संथ चाल चार ठोक्यांची असते, हे आपण पाठ केलं होतं. मागचा एक पाय पुढे येतो तशी पाठीची ती बाजू खचते आणि उचलते, मग दुसरी. आपलं कंबरडं वर-खाली, पुढे-मागे आणि आडवं, तिन्ही दिशांना हलतं. माणूस स्वतःच्या पायांनी चालतो तेव्हा जवळपास असंच हलतं. माझ्या कमरेला ते कळत नाही. पण कमरेवरची पाठ त्या लाटेला उत्तर देते, छाती डोलते, खांदे उलटे फिरतात, मान सावरते. डोळे मिटले तेव्हा माझ्या वरच्या अर्ध्या शरीराने ठामपणे सांगितलं, की मी चालते आहे. तीन वर्षांनी. मी रडले. बाजूने चालणाऱ्या दोघींनी पावलं चुकवली नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला मांड्या सैल झाल्या, पाय आपोआप खाली लोंबले. तो सैलपणा रात्रीपर्यंत टिकला.

घोडीबद्दल सांगायलाच हवं. कुमैत रंगाची, वयाने पोक्त, अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवणारी. एवढ्या हुळहुळ्या जनावराला तिथे एक अवघड गोष्ट शिकवली आहे. पोटाला पायाचा दाब लागला तरी पळायचं नाही. माझा पाय मधेच आखडतो, टाच लागते, आणि इतर कुठल्याही घोड्याला तो हुकूमच वाटेल. ही मात्र आवाज ऐकते आणि माझ्या हातातल्या दोन छड्यांचा हलका स्पर्श मानते. त्या छड्या म्हणजेच माझे पाय. लगामाला जागोजागी कड्या शिवल्या आहेत, म्हणजे बोटं घसरत नाहीत. पाऊल रिकिबीत रबराने अडकवतात. रबर अशासाठी, की पडलेच तर ते तुटावं. स्वाराला घोड्याशी घट्ट बांधायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

पहिल्या भेटीत मी तिच्या समोरून खुर्ची आणली आणि ती दचकली. नाकासमोरचं तिला दिसत नाही, हे मीच तुला किती वेळा सांगितलं असेल! तिरकी खांद्याकडून आले तेव्हा तिने चाकं हुंगली, मग गुडघे, मग केस. खुर्चीतून खरारा करताना हात जेमतेम तिच्या पोटापर्यंत पोचतो. पाठ मी दुसऱ्याकडून करून घेते. मान मात्र ती स्वतः खाली आणते.

लिस हार्टेल आठवते तुला? पोलिओने गुडघ्याखाली लुळी पडलेली डॅनिश बाई. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ‘जुबिली’ घोडीवर बसून ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि वळणं अचूक करून घेण्याच्या खेळाचं, रौप्यपदक मिळवलं. त्या खेळात बायकांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता. 1956 मध्ये पुन्हा रौप्य. तेव्हा आपण पदकाचं बोलायचो. आता माझं लक्ष दुसरीकडे जातं. तिला घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. वर ती जगातल्या उत्तम स्वारांच्या बरोबरीची आणि खाली उतरली की चार पावलं अवघड. उतरणं म्हणजे काय, हे मला शनिवारी कळलं. चढताना सगळे हसत होते. उतरताना खुर्ची माझ्याकडे सरकत येताना दिसली आणि मला क्षणभर कुणाशीच बोलावंसं वाटेना.

आणि आपण चालीला किती हिणवायचो! चाल म्हणजे घोडा तापवायची वेळ, खरी मजा दुडकीच्या पुढे. पॅरालिम्पिकमध्ये 1996 पासून ड्रेसाज आहे आणि त्यातल्या पहिल्या श्रेणीचे, म्हणजे सर्वांत जास्त अपंगत्व असलेले, स्वार सगळी कसरत निव्वळ चालीवर करतात. मला स्पर्धा नको आहे. पण दहा मिनिटांच्या चालीत मी जेवढं काम केलं, तेवढं भरधाव सुटताना कधी केलं नव्हतं.

आता मी पडले त्या दिवसाचं. तू पुढे होतीस, ओंडक्यावरून गेलीस आणि मागे वळून “चल!” म्हणालीस. तो एक शब्द तू तीन वर्षं बाळगते आहेस, हे मला माहीत आहे. तू तुझं खोगीर देऊन टाकलंस, तेही मला कळलं. ऐक. मी आणि माझा घोडा उन्हातून दाट सावलीत शिरत होतो. अशा वेळी घोड्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्याने बघण्यासाठी मान वर घेतली आणि मी लगाम आखडला. मला तुला गाठायचं होतं. त्याला दोन पावलांची सवड दिली असती तर त्याने ओंडका पाहिला असता. त्याला तो दिसलाच नाही, म्हणून तो थांबला. तुझ्या “चल”च्या आधीच मी टाच मारली होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

भीती वाटते का, असं तू विचारशील. वाटते. पडण्याची नाही, हात जाण्याची. पुढचा मणका आणखी वरचा असला तर हे पत्रही मला लिहिता येणार नाही. ते तोलूनच मी गेले.

माझ्या डाव्या बाजूने चालणारी मुलगी या महिन्यात गावाला जाते आहे. ते काम घोडं ओळखणाऱ्या माणसाचं आहे. माझ्या मांडीवरून हात टाकून खोगिराची पुढची कड धरायची आणि घोडीच्या पावलाशी पाऊल जुळवत राहायचं. बोलायची सक्ती नाही. तो हात मला मांडीवर जाणवत नाही, पण निघाला की तोल लगेच सांगतो. बाईंना मी तुझं नाव दिलेलं नाही, एक मैत्रीण आहे एवढंच म्हटलं आहे.

शनिवार, सकाळी सात. बूट बंद घाल, घोडीचा पाय जड आहे.

तुझीच