चिऊ, तुझा बाबा बँडमध्ये लागला

प्रिय चिऊ,

व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकणार होतो, पण मोठा मेसेज दिसला की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून मेल. मराठीत लिहितोय, सावकाश वाच. रविवारच्या मराठी शाळेत तुला सोडायला मी इतकी वर्षं गाडी हाकली, त्यातलं काहीतरी वसूल होऊ दे.

तर बातमी अशी की तुझा बाप सत्तावन्नाव्या वर्षी बँडमध्ये लागलाय. ब्लूग्रास बँड, म्हणजे बँजो-फिडलवालं अमेरिकन लोकसंगीत वाजवणारा. हसून घे. आई अजून हसतेय.

झालं असं की जानेवारीत आपला वॉटर हीटर गेला आणि अपेक्सहून एक प्लंबर आले, साठीचे असतील, पांढरी दाढी. काम झाल्यावर हात पुसत हॉलमध्ये आले ते थेट आजोबांच्या तानपुऱ्यासमोर थांबले आणि म्हणाले हा भोपळा आहे का? म्हटलं हो, आमच्या मिरजेचा, भोपळा पंढरपूरकडचा. त्यांनी खाली बसून घोडीवरचा दोरा बघितला, तार छेडली आणि मग गप्पच बसले. म्हणाले मी बँजो वाजवतो. मी म्हटलं आमच्याकडे पण असतो की बेंजो, आणि फोनवर विसर्जनाच्या मिरवणुकीतला टाइपरायटरसारखी बटणं असलेला बेंजो लावून दाखवला. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले ते! तासभर बसले आणि त्या तासाचे पैसे लावले नाहीत. प्लंबरच्या बाबतीत हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

मग त्यांच्या गॅरेजमध्ये दर मंगळवारी जायला लागलो, आधी नुसता ऐकायला. तिथे भिंतीवर एक भोपळ्याचा बँजो टांगलाय, वर कातडं ताणलेलं. मला वाटायचं बँजो म्हणजे काउबॉय टोपीवाल्यांचं वाद्य. तर नाही, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी हे वाद्य इकडे आणलं, भोपळ्यासकट. मी लहानपणी सतारमेकर गल्लीत वाळत टांगलेले भोपळे टिचकी मारून बघायचो आणि शिव्या खायचो. इथेही हात गेलाच. आवाज तोच गं, जरा कोरडा.

प्लंबरकाकांच्या बँजोला पाच तारा, पाचवी आखूड, तिची खुंटी वर डोक्याला नाही तर दांड्याच्या मध्येच कुशीला. ती एकाच सुरात टणटणत राहते, सतारीच्या चिकारीसारखी. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून वाजवतात, अंगठ्याला प्लॅस्टिकची, दोन बोटांना धातूची. ही तीन बोटांची पद्धत अर्ल स्क्रग्जमुळे जगभर गेली, आणि तो आपल्याच नॉर्थ कॅरोलायनाचा, शेल्बीजवळच्या फ्लिंट हिलचा. पोरगा दहा वर्षांचा असताना भावाशी भांडून खोलीत जाऊन बसला, आपल्याच तंद्रीत वाजवत होता आणि एकदम लक्षात आलं की आपण तीन बोटं वापरतोय. पुढे सूतगिरणीत काम केलं, आणि डिसेंबर १९४५ मध्ये बिल मनरोच्या बँडमध्ये गेला. मनरो केंटकीचा, त्या राज्याला ब्लूग्रास स्टेट म्हणतात, म्हणून त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉईज, आणि तेच नाव पुढे संगीताला पडलं. १९११ साली जन्मलेल्या माणसाने काढलेली गोष्ट, आणि मी उगाच शेकडो वर्षांची परंपरा समजून मान डोलवत होतो.

मला पहिल्या दिवशी पडलेला प्रश्न म्हणजे तबला कुठाय. ड्रम नाही, ढोलकी नाही, काहीच नाही. तर ठेका धरते मँडोलिन! ती वाजवणारी बाई इमर्जन्सीत नर्स आहे, नाइट करून येते, डोळे तांबारलेले, कॉफीचा थर्मास पायाशी. डाव्या हाताने तारा दाबायच्या, उजव्याने खटकन मारायच्या आणि त्याच क्षणी डावा हात सैल सोडायचा म्हणजे आवाज तिथेच मरतो. खट्. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. त्याला चॉप म्हणतात. सांगण्यासारखं हे की मँडोलिनचं ट्यूनिंग हुबेहूब व्हायोलिनचं असतं, फक्त प्रत्येक तार जोडीने, म्हणजे तुझी बोटं तिथे आपोआप पडतील. असो.

गिटारवाले हायस्कूलात गणित शिकवतात आणि मुख्य गाणारे तेच. त्यांना किती गाणी पाठ आहेत याचा पत्ता नाही, आणि सगळी मेलेल्या आईची, सुटलेल्या ट्रेनची नाहीतर नदीकाठच्या खुनाची, पण लय मात्र लेझमीची. नर्सबाई त्यांच्या वरच्या सुरात घुसते तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत.

फिडलवाले आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पूर्वी तंबाखूची शेती करायचे. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण ते हनुवटीखाली धरतच नाहीत, छातीवर टेकवतात, मनगट वाकडं, नोटेशन वाचता येत नाही. तुझ्या क्लासच्या टीचर बघून खाली बसल्या असत्या. संधिवाताने बोटं सुजलीत, तरी जलद गतीत एक सूर चुकत नाही. चुकलाच तर फिडलकडे असं बघतात जणू तिनेच चूक केली.

आणि बास, म्हणजे खर्जाचं ते भलंमोठं उभं व्हायोलिन. आधीचा बासवाला नोकरीसाठी टेक्सासला गेला, त्याचा माणसाएवढा बास कोपऱ्यात उभा होता. प्लंबरकाका म्हणाले तुला लय कळते, धर. मी मंडळाच्या गणपतीत भजनाला तबला धरतो तेवढीच आपली पुंजी. पण बासचं काम काय माहितीये का, बहुतेक वेळ सा आणि प! पहिल्या मात्रेला सा, तिसरीला प. तानपुऱ्याच्या घरातला माणूस मी, हे तर माझंच काम. ते लोक कॉर्डला, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडग्याला, नंबरने बोलवतात, एक, चार, पाच, म्हणजे सा, म, प वरचे. कळत नसेल तेव्हा गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघायचं. बोटांना फोड आले, फुटले, आता घट्टे पडलेत.

मे महिन्यात शनिवारच्या फार्मर्स मार्केटला आम्ही पहिल्यांदा वाजवलं. एकच माइक मध्ये, ज्याची पाळी तो पुढे येतो आणि बाकीचे न सांगता बाजूला सरकतात, फुगडीसारखं. मी आपला मागे खांबासारखा. शेवटच्या गाण्यात प्लंबरकाकांनी एक पाय वर उचलला. मला वाटलं गोळा आला पायात. तर ती गाणं संपवायची खूण! सगळे खाडकन थांबले आणि मी एकटा सा... प... सा... करत पुढे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मुद्दाम केलं. आईने व्हिडिओ काढलाय, फॅमिली ग्रुपवर टाकायची धमकी देते.

गंमत बघ, ब्लूग्रासचा सगळ्यात मोठा मेळा २०१३ ते २०२४ आपल्या रॅलेत भरायचा, वीस-पंचवीस मिनिटांवर, आणि पार्किंग मिळणार नाही म्हणून आपण एकदाही गेलो नाही. आता तो टेनेसीत चॅटनूगाला गेला.

आता एक जरा अवघड. मी चुकतो ना, बऱ्याचदा चुकतो, तेव्हा गणिताचे सर गाता गाताच मोठ्याने "फोर!" म्हणतात आणि गाणं पुढे जातं. कोणी वळून बघत नाही. नंतर पार्किंगमध्ये पण कोणी काही बोलत नाही. पहिल्यांदा असं झालं त्या रात्री घरी येताना मला तुझी नववीतली ऑर्केस्ट्राची ऑडिशन आठवली, फर्स्ट चेअर, म्हणजे पहिल्या नंबरची खुर्ची, मिळाली नाही ती, आणि गाडीत मी जे बोललो ते. अख्खा रस्ता तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी अजून वर वर बोलतच होतो. नको होतं बोलायला, चिऊ. त्यानंतर तू ते व्हायोलिन कपाटात टाकलंस आणि मी आईला म्हणालो की हिच्यात चिकाटी नाही. ते पण चूकच.

तुला न विचारता मी ते व्हायोलिन मंगळवारी घेऊन गेलो होतो, रागावू नकोस. ई ची तार तुटलेली, बोचे, म्हणजे गजाचे, केस किड्यांनी खाल्लेले. आजोबांनी नवी तार लावली, स्वतःच्या बोने दहा मिनिटं वाजवलं, रुमालाने पुसलं आणि परत पेटीत ठेवलं. म्हणाले चांगलंय, फक्त झोपलंय. तुझ्या गजाला नवीन केस लावून आणलेत. पेटी होती तिथेच ठेवलीये, तुझ्या हिवाळी कोटांच्या मागे.

थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा जमलं तर मंगळवार धरून ये. नाही जमलं तरी चालेल, म्हणजे घरी ये, मी फक्त मंगळवारचं म्हणतोय.

तुझा,
बाबा

ता.क. बोच्या केसांना सत्तर डॉलर लागले. आईला मी चाळीस सांगितलेत.