बातमीत नाव नसलेली माणसं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, गोष्ट लिहायला विषयच सुचत नाही. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

पेपर रोज वाचतेस ना? मग आतल्या पानावरच्या बारीक टायपातल्या जाहीर नोटिसाही वाचत जा. परवाच एक होती: मुलगा आमच्या सांगण्याबाहेर आहे, त्याच्याशी कोणीही देवाणघेवाण करू नये, केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही. खाली वडिलांचं नाव, वकिलाचं नाव. चार ओळी, कायद्याने चोख. पण त्या घरात आईही असेल. नोटीस देण्याआधी तिला कोणी विचारलं असेल का? पेपर दारात पडला तेव्हा आधी कुणाच्या हाती लागला? ते वाचून मुलाने कुणाला फोन केला? नोटिशीत यातलं काहीच नाही, आणि गोष्टीला लागतं ते नेमकं हेच.

विजय तेंडुलकरांचं 'कमला' हे नाटक आठव. 1981 साली अश्विनी सरीन या बातमीदाराने मध्य प्रदेशात 2,300 रुपयांना एक बाई विकत घेतली, बायकांची खरेदी-विक्री चालते हे सिद्ध करायला, आणि 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये तसं लिहिलं. खळबळ माजली. तेंडुलकर स्वतः वर्तमानपत्रात काम केलेले. पण नाटक लिहिताना ते बाजारापाशी थांबले नाहीत, थेट बातमीदाराच्या घरात शिरले. तिथे विकत आणलेली कमला घरच्या मालकिणीलाच विचारते, तुला केवढ्याला घेतलं? हा प्रश्न बातमीत कुठून येणार? बातमीदाराची बायको बातमीत असायचं कारणच नव्हतं. तेंडुलकरांनी तिला शोधलं, यात मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं.

तेव्हा कात्रण काप, वर तारीख टाक आणि ज्याचं नाव छापलेलं नाही तो माणूस शोध. खून-दरोड्यांच्या मागे लागू नकोस; तिथे बातमीदारानेच निम्मी गोष्ट सांगून टाकलेली असते. आणि एक कळकळीने सांगते: नाव, गाव, धंदा, सगळं बदल. ज्यांच्या घरावर दुःख कोसळलंय, त्यांना तुझ्या गोष्टीवरून कोणी ओळखता कामा नये. ते जमत नसेल, तर कात्रण वहीतच राहू दे.

त्या नोटिशीचं कात्रण सोबत पाठवते आहे, नावांची कड कापून. मी तुझ्या जागी असते तर त्या आईपासून सुरुवात केली असती. पहिला खर्डा झाला की जसा असेल तसा पाठव.

तुझी,
आई