न्यूरोबायोलॉजी घेतलंय, फॉर्म भरून झालाय

आई, बाबा,

फोनवर बोलायला लागलं की आपला विषय भलतीकडेच जातो, म्हणून लिहितेय. लास्ट इयरचं इलेक्टिव्ह मी न्यूरोबायोलॉजी, म्हणजे मेंदू आणि नसांचा अभ्यास, घेतलं. फॉर्म सबमिट झालाय, आता बदलत नाहीत. बायोइन्फॉरमॅटिक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर बायोलॉजीचा डेटा तपासणं, ते घे, त्यात नोकऱ्या आहेत असं तुम्ही म्हणालात, दादाही म्हणाला, आणि ते खरंच आहे. पण पायथन आणि स्टॅटिस्टिक्स मी सुट्टीत शिकू शकते, शिकणारच आहे, मेंदूचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, कसे बघायचे हे मात्र लॅबमध्ये कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवल्याशिवाय येत नाही. शिवाय न्यूरोमध्येही आता डेटाचं काम भरपूर असतं, त्यामुळे पुढे तिकडे वळायचं ठरवलं तरी अडणार नाही, प्लीज काळजी करू नका.

बाबा, तुम्ही म्हणाल माझ्या पार्किन्सन्समुळे घेतलंस. थोडं तुमच्यामुळे, हो. पण मला तो विषय मनापासून आवडलाय. मॅडमनी मिडब्रेनचे, म्हणजे मेंदूच्या मधल्या भागाचे, दोन सेक्शन शेजारी ठेवले होते. एकात सब्स्टँशिया नायग्राचा काळा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, दुसऱ्यात, पार्किन्सन्स झालेल्याच्या, तीच जागा फिकट. न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे काळ्या दिसणाऱ्या त्या पेशीच डोपामाइन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, बनवतात, आणि हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. मला एकदम तुमची सही आठवली, हल्ली केवढी बारीक झालीय. माझा हात धरून तुम्हीच अक्षरं गिरवून घ्यायचात ना, आणि रेघेच्या खाली गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

आई, दूध करपलं तरी यांना वास येत नाही म्हणून तू चिडायचीस, ते आता मनाला लावून घेऊ नकोस. या आजारात वास कमी होणं हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. तेव्हा कुणाच्याच लक्षात येण्यासारखं नव्हतं गं.

आणि एक सांगायचंच आहे. १९५७ मध्ये आर्विड कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी रिसर्पिन या मेंदूतलं डोपामाइन संपवणाऱ्या औषधाने निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा, म्हणजेच लेवोडोपा, दिलं आणि ते पुन्हा हलायला लागले. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेवोडोपा शिरतं, मग आत त्याचं डोपामाइन होतं. बाबांच्या गोळीत तेच आहे! कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. हे वाचलं तेव्हा वाटलं, आपल्याला हेच शिकायचंय.

माझं इथे छान चाललंय. जेवण वेळेवर होतं, झोपही होते, लॅबला उशीर झाला तर आम्ही सगळ्या एकत्रच परत येतो.

आता ऐका. आई, गोळी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवत जाऊ नकोस. जेवणातलं प्रोटीन आणि लेवोडोपा एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे गोळी कमी लागू पडू शकते. साधारण अर्धा तास आधी दे, पण मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. बाबा, बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही, हे फार महत्त्वाचं आहे. चालणं चुकवू नका. गोळी किती वाजता घेतली आणि हात पुन्हा कधी जड व्हायला लागले हे रोज वहीत लिहा, आणि पुढच्या अपॉइंटमेंटला ती वही घेऊनच जा. आदल्या दिवशी पानांचे फोटो मला पाठवा, म्हणजे डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मी लिहून देईन.

तुमची,
छोटी