सापाचं माप आधी घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे गं, चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. पण लाडूचं घर बघायला येणारा प्रत्येक जण "हे कोणी बनवलं?" असं विचारतो आणि मी "शेजारच्या काकांनी" एवढंच सांगून गप्प बसते, हे मला बरं वाटत नाही. तुम्ही काय केलंत ते नीट सांगितलं पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाडू ही बॉल पायथन जातीची मादी आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा लहान चणीचा, बिनविषारी अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो. इथे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात माझ्याबरोबर शिकणारी मैत्रीण परदेशी गेली तेव्हा तिने लाडूला कागदपत्रांसकट माझ्या स्वाधीन केलं. कागदपत्रांचा उल्लेख मुद्दाम करते आहे. आपल्याकडची धामण, दिवड, मांडूळ किंवा अजगर पकडून घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जाती २०२२च्या दुरुस्तीने कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. २८ फेब्रुवारी २०२४ला निघालेल्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. प्राणी दुसऱ्याकडे दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी तेही कळवावं लागतं. तुम्ही पेन्सिल हातात घेण्याआधी "सरकारी कागद झाले का?" हेच विचारलं होतं.

लाडू आली ती प्लास्टिकच्या डब्यातून. तिला कायमचं घर करायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने जागा सुचवली. जिन्याखाली मावेल एवढं कर, टीव्हीखाली एक खण काढ, दिवाणखान्यात शोभेल असं उभं काचेचं कपाट कर. सगळ्यांची मापं भिंतीपासून सुरू होत होती. तुम्ही आलात, दारातच उभे राहिलात (सापाला हात लावणार नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, आणि आजही लावत नाही) आणि म्हणालात, "आधी तिचं माप दे." मी तिला भिंतीच्या कडेने सरकू दिलं आणि पाठीवरून सुतळी धरत गेले. तीच सुतळी तुम्ही टेपला लावलीत. साडेतीन फुटांना दोन इंच कमी.

"अजून वाढेल?"

"थोडी वाढेल."

"मग चार फुटी पेटी. जनावराला अंग सरळ करता आलं पाहिजे."

साप काय, गुंडाळूनच बसतो, त्याला जागा कशाला लागते, असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांना मी रात्री दिवे मालवल्यावर आमच्याकडे यायला सांगते. लाडू मागच्या फळीला लागून पुरती ताणलेली असते, जीभ बाहेर, आणि इंचाइंचाने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात असते.

मग तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलंत. आठ फूट बाय चार फुटांचं प्लायचं एक शीट. त्यातून चार बाय दोनचे चार तुकडे निघतात. एक तळ, एक छत, एक पाठ, आणि चौथ्याचे मधोमध दोन केले की दोन्ही बाजू. म्हणजे एका शीटमध्ये अख्खी पेटी, वाया जवळजवळ काही नाही. पाठ पूर्ण रुंदीची बसणार, म्हणून बाजूच्या फळ्या सहा सूत (पाऊण इंच) कमी करायच्या. करवतीच्या पात्यात जे तीनेक मिलिमीटर जातात तेही आधीच धरायचे, नाहीतर शेवटचा तुकडा आखूड येतो. पुढची बाजू उघडी. खाली चार इंची पट्टी, तळाला अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बाहेर सांडू नये म्हणून, वर दोन इंची, आणि मध्ये सरकत्या काचा. त्या पट्ट्या तुम्ही तुमच्या माळ्यावरच्या लाकडातून काढल्यात. वरून उघडणारं झाकण नको हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही कारण विचारलंत. जंगलात सापावर झडप पडते ती बऱ्याचदा वरून, त्यामुळे वरून आलेल्या हाताला तो बिचकतो. तुम्ही मान हलवलीत आणि वरच्या बिजागऱ्या पेन्सिलीने खोडून टाकल्यात.

प्लायवाल्याने स्वस्तातलं शीट पुढे केलं तेव्हा तुम्ही ते उलटंपालटं करून आयएस ७१०चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का शोधलात आणि तो नाही म्हणून बाजूला ठेवलंत. आत पाण्याचं भांडं कायम असणार आणि बडोद्याच्या पावसाळ्यात हवाच ओली. साधा प्लाय फुगणार. पैसे माझे जात होते, पण घासाघीस तुम्ही केलीत.

खरं तर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते उष्णतेबद्दल. माझ्याकडची माहिती बहुतेक थंड देशांतली होती. तिथल्या लोकांची सगळी धडपड पेटी गरम कशी ठेवायची यासाठी असते. फटी बंद करा, वरची जाळी झाका, भिंती जाड करा. तुम्ही ते सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आणि मे महिन्यात?" कोल्ड स्टोरेजची मशिनं सांभाळण्यात नोकरीची सगळी वर्षं गेलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचतो. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. लाडूला गरम बाजूला साधारण ३१ ते ३३ अंश लागतात, गार बाजूला २५ ते २७. साप आपल्यासारखा अंगात ऊब धरून ठेवू शकत नाही. हवी तेव्हा गरम बाजूला जातो, पुरे झाली की गार बाजूला येतो. दोन्ही बाजू सारख्याच तापल्या तर त्याने जायचं कुठे? ३५च्या पुढे तापमान बराच वेळ राहिलं तर त्याच्या जिवावर बेततं.

तुम्ही खोल्याखोल्यांतून हात भिंतीला लावत फिरलात. ऊन न लागणारी, माजघराकडची आतली भिंत निवडलीत. जाळ्या कुठे पाडायच्या ते तुम्हीच आखलंत. गार बाजूला अगदी खाली, गरम बाजूला अगदी वर. "गरम हवेला वर वाट दिली की गार हवा खालून आपोआप येते. पंखा हा जादा, जाळी मुख्य." तरीही कॉम्प्युटरमधला छोटा पंखा वरच्या जाळीला लावलात, आणि त्यासाठी एसटीसी-१००० हा थर्मोस्टॅट (तापमान बघून वीज चालू-बंद करणारं यंत्र) आणलात. अंडी उबवणाऱ्या मशिनला लोक वापरतात तोच. त्याला गरम करायचा आणि गार करायचा असे दोन वेगळे रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, असतात. एकावर सिरॅमिक हीटर, दुसऱ्यावर पंखा. पंखा पेटीला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत. म्हणून ऐन उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत एसी लावावा लागतो, पण २७वर ठेवला की भागतं.

सेन्सरवर मात्र तुम्ही अख्खी संध्याकाळ घालवलीत. मला वाटायचं, तार आत सोडली की झालं. तुम्ही म्हणालात, कोल्ड रूममध्ये सेन्सर दाराशी लावला तर मशिन दाराचं तापमान सांगतं, बटाट्याचं नाही. हीटरखाली लाडू जिथे बसते नेमक्या तिथे, तिच्या पाठीच्या उंचीवर तो क्लिपने पक्का बसवलात. शिवाय तिने अंगाने ढकलून तो गार बाजूला पाडला तर हीटर बंदच होणार नाही, हे ओळखून ३६ अंशांना लाइन तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट त्याच्या मागे जोडलात. होल्डर चिनी मातीचा, प्लास्टिकचा नाही. हीटरभोवती जाळीचा पिंजरा, कारण साप ऊब मिळाली की तिथेच वेटोळं घालतो आणि कातडी भाजली तरी हलेलच असं नाही. बॉल पायथनच्या वरच्या ओठाला उष्णता ओळखणारे खळगे असतात, अंधारात उंदीर त्यानेच कळतो. तरीही ही काळजी घ्यावीच लागते. अर्थिंग तपासल्याशिवाय तुम्ही प्लग लावू दिला नाहीत. साप पाळणाऱ्यांपैकी जे कुणी हे वाचत असतील त्यांनी बाकी काही नाही केलं तरी हा दुसरा थर्मोस्टॅट नक्की लावावा.

इथे काकूंचेही आभार मानते. गार बाजूला ओलसर लपायची जागा हवी होती. प्लास्टिकच्या तयार गुहा मिळतात, पण मे महिन्यात त्या आतून तापतात. काकूंनी जुनं मडकं पुढे केलं. तुम्ही त्याला बाजूने भोक पाडलंत आणि कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलीत. आत ओलं शेवाळ घातलं की मातीतून पाणी झिरपून उडत राहतं, मडकं गार राहतं. आफ्रिकेत हे साप दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत शिरून बसतात. अंग चहूबाजूंनी टेकलं पाहिजे, तरच त्यांना सुरक्षित वाटतं. लाडूला मडक्याचं माप अगदी बेताचं बसलं. कात टाकायची वेळ आली, डोळे निळसर झाले की ती मडक्यात जाते आणि मग कात एका अखंड तुकड्यात निघते, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. हवेत ओल कमी पडली तर कात तुकड्यातुकड्याने फाटते आणि डोळ्यांवर राहून जाते.

रंगकामाच्या वेळी तुमचा हात सवयीने उधईच्या (वाळवीच्या) तेलाकडे गेला आणि तिथेच थांबला. "हे चालेल का गं तिला?" नाही चालत. बंद पेटीत त्याची वाफ सापाला मारू शकते. देवदारसारखं वासाचं लाकूडही चालत नाही. मग पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन लावलंत, सांध्यांत मासे ठेवायच्या टाक्यांना वापरतात ते सिलिकॉन भरलंत, आणि पेटी गच्चीच्या खोलीत उघडी ठेवलीत. रोज येऊन आत डोकं घालून वास घ्यायचात. मी लाडूला आत सोडायची घाई करत होते असं नाही, पण तुमच्याइतकी चिकाटी माझ्यात नव्हती. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पुरता गेल्याशिवाय तुम्ही होकार दिला नाहीत.

आणि पोस्टकार्ड! प्रत्येक सांध्यात तुम्ही पोस्टकार्डाची कड सरकवून बघितलीत. जिथे ती शिरली तिथे पुन्हा भरलंत. साप डोकं जाईल तिथून बाहेर पडतो, आणि नाक लावून ढकलत राहतो. आतल्या कोपऱ्यांवरून तुम्ही बोट फिरवत होतात, कुठे कूस राहिली तर तिचं नाक सोलेल म्हणून. ज्या प्राण्याला तुम्ही हात लावत नाही त्याच्या नाकाची तुम्हाला केवढी काळजी. काका, तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते मी विसरणार नाही.

ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, रस्त्यांवर मगरी आल्या, सगळ्या बडोद्याने ते पाहिलं. आपली वीज गेली. हीटर बंद, पंखा बंद. ऑगस्टमधली हवा गार नसते, त्यामुळे उबेची चिंता नव्हती. चिंता होती ओलीची. कोंदट ओल्या हवेत सापाला छातीचा संसर्ग होतो, पोटाची खवलं सडायला लागतात. तुमच्या फोनची बॅटरी संपत आली होती, तरी तुम्ही फोन करून "जाळ्या मोकळ्या आहेत ना? पुढे काही ठेवलं नाहीस ना?" एवढंच विचारलंत. जाळ्या मोकळ्या होत्या. मी कोकोपीट काढून कोरडी वर्तमानपत्रं अंथरली, खालच्या जाळीजवळ कागदाची पट्टी धरून बघितली, ती हलकेच आत ओढली जात होती. विजेशिवाय पेटी श्वास घेत होती. पेटीचं स्टँड कमरेएवढं उंच हवं यावर तुम्ही अडून बसला होतात, तेव्हा आईने कुरकुर केली होती. पुरानंतर तिने स्वतः तुमच्याकडे सेव-उसळीचा डबा पाठवला.

मजुरीचा विषय काढला की तुम्ही ऐकलं न ऐकलंसं करता. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. तेवढी वर्षं लाडू तुम्ही आखलेल्या फळ्यांत राहणार आहे. त्याची मजुरी मी कशी मोजू? मनापासून आभार, काका.

इंदूरच्या एका पाळणाऱ्याने तुमचा आराखडा मागितला आहे. उन्हाळ्याची अडचण त्यांचीही तीच. तुम्ही हो म्हणालात म्हणून कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवते आहे, दुसऱ्या थर्मोस्टॅटची जोडणी वेगळ्या कागदावर काढून. एकदा नजरेखालून घाला. आणि खालच्या काचेच्या चॅनलमध्ये कोकोपीट अडकून काच जड सरकायला लागली आहे. पावसाळ्याआधी तो बदलू या. तुम्ही येणार असाल तर रविवारी काचवाल्याला बोलावते.

तुमची,
समोरच्या घरातली