बाबा, साडेबारा हजार किलोमीटरचा हिशेब

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा हिशेब बरोबर आहे. मुंबई ते इथलं अमेरिकेतलं न्यूअर्क साधारण १२,५०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे चौदा तास. मग तिकिटावर सोळा तास का, आणि रात्री एकला निघून त्याच तारखेला सकाळी साडेसहाला पोचतो कसे, ते नीट लिहूनच कळवते. फोनवर आई मध्येच जेवणाचं विचारते आणि विषय राहतो.

साडेसहा इथले. हिवाळ्यात आमचं घड्याळ तुमच्या साडेदहा तास मागे असतं. तुम्ही उतराल तेव्हा कऱ्हाडला संध्याकाळचे पाच वाजलेले असतील. म्हणून आई, विमानात घड्याळ बदलू नकोस. बीपीची गोळी तिकडच्या वेळेनेच घे आणि इथे आल्यावर वेळा कशा बदलायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेव. गोळ्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही.

आता वरचे दोन तास. बाबा, तुम्ही एसटीत वेळापत्रकं लावलीत. कऱ्हाड-चिपळूणची वेळ नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही, मध्ये कुंभार्ली घाट आहे. इथेही तसंच. १२,५०० हे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. मुलांच्या पृथ्वीगोलावर मी दोरा ताणून पाहिला: तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरला. नकाशावर आपण सरळ पश्चिमेला बोट नेतो, दोरा मात्र थेट उत्तरेकडे चढतो! पण विमानाला त्या दोऱ्यावरून जाता येतंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही काही महिने तसंच होतं. मग वळसा पडतो.

दुसरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. हिवाळ्यात तो आणखी जोर धरतो. येताना तो तोंडावर, जाताना पाठीशी. परतीला चौदा-साडेचौदा तास लागतील ते त्यामुळेच.

पण मला काळजी सोळा तासांची नाही. घरून निघून मुंबई गाठायला सात तास, विमानतळावर तीन-चार तास आधी, इथे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. सगळं धरलं तर दिवसाच्या वर जातं, आणि बाबांचा गुडघा त्यातल्या चालण्याने आणि उभं राहण्यानेच धरतो. म्हणून मी दोघांसाठी व्हीलचेअर सांगणार आहे. पैसे पडत नाहीत, आधी कळवावं लागतं एवढंच. माणूस काउंटरपासून विमानाच्या दारापर्यंत सोबत असतो, इथेही बाहेर माझ्यापर्यंत आणून सोडतो. ‘मी काय म्हातारा झालो का’ म्हणू नका, बाबा. आयुष्यभर प्रवाशांची सोय पाहिलीत, एकदा तुमची होऊ द्या.

जागा वाटेच्या कडेची घेतली आहे. दर दोन तासांनी उठून एक फेरी मारा, पाणी पीत राहा. पाय सुजतात, तेव्हा आई, नवी चप्पल नको, सैल असेल ती घाल. लोणचं आणायचं तर बॅगेत, हातात नको; फळं अजिबात नकोत, इथे काढून घेतात.

न्यूअर्कहून एडिसन गावातलं आमचं घर पाऊण तासावर. त्या दिवशी मी रजा टाकली आहे. व्हीलचेअरचं रविवारच्या फोनवर ‘हो’ सांगा, म्हणजे सोमवारी कळवून टाकते.

तुमची,
ताई