नवरात्राआधी डॉक्टरांना भेटून ये

अमळनेर

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद.

काल सूनबाईचा फोन आला. यंदा नऊही दिवस उपवास धरायचं तू ठरवलंयस म्हणे, तेही शुगरची गोळी चालू असताना. देवीचं करायला मी कशी नाही म्हणेन? सप्तशृंगी आपलं कुलदैवत. पण उभा जन्म वॉर्डात नोकरी केलेल्या बाईचं एवढं सगळं फोनवर बोलून समाधान होत नाही, म्हणून लिहायला बसले.

जेवलो नाही म्हणजे रक्तातली साखर लगेच संपते, असं नसतं. यकृतात साधारण 100 ग्रॅम साखरेचा साठा असतो. पोट रिकामं राहिलं की साखर उतरवणारं इन्सुलिन कमी होतं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक वाढतं आणि यकृत त्या साठ्यातली साखर थोडी थोडी सोडत राहतं. साठा आटत आला की शरीर चरबीकडे वळतं. निरोगी माणसात हे आपसूक जमतं. मधुमेहात इन्सुलिनचा धाक राहत नाही, त्यामुळे यकृत नको तेव्हाही साखर सोडतं. रात्रभर काही न खाता सकाळची शुगर जास्त कशी, असं तू विचारत होतास ना, ते यामुळेच.

आता तुझी गोळी. त्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड दोन्ही आहेत. एकटं मेटफॉर्मिन सहसा शुगर धोक्याइतकी खाली पाडत नाही. ग्लिमेपिराईड मात्र स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतंच, तू जेवलास की नाही हे त्याला कळत नाही.

एका नवरात्रात आमच्याकडे एका बाईंना उचलून आणलं होतं. अंग घामाने निथळत होतं, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. घरच्यांना वाटलं, अंगात आलं. त्यांनी आधी कापूर लावला, हळदीकुंकू वाहिलं. त्यात तासभर गेला. बोट टोचलं तर शुगर चाळिशीत! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय व्हयनं माय?" सकाळी गोळी घेतलेली, पोटात फक्त चहा. अशा गोळीचा असर लांबतो, शुगर पुन्हा पडू शकते, म्हणून त्यांना रात्रभर ठेवून घ्यावं लागलं. तू तर मोटारसायकलवर शिफ्टला जातोस. भर रस्त्यात असं झालं तर? माझा जीव तिथे अडकतो, भूषण.

म्हणून गोळी मनाने बंद करायची, असंही नाही. तसं करणारेही मी पाहिलेत. गोळी बंद आणि दोन्ही वेळेला साबुदाणा. कोरड्या साबुदाण्यात 100 ग्रॅममागे जवळजवळ 87 ग्रॅम पिष्ट असतं, प्रथिनं नावालाच. त्यात बटाटा, वरून साखर आणि मग आपली रावेरची केळी. याला उपवास कसं म्हणायचं? शुगर तीनशेच्या वर जाते. तुला धरायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे असं खा. भगर चालेल, पण ताटभर नको. पाणी भरपूर पी.

उपाशी राहून मधुमेह जातो असं तू ऐकलंस, त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरी घेऊन वजन उतरवलेल्यांपैकी 46 टक्के लोक वर्षअखेर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेबाहेर होते. पण त्यांच्या गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवल्या होत्या, आणि तिथे खिचडी नव्हती.

बोट टोचल्याने उपवास मोडत नाही. सकाळी, दुपारी आणि जरा जरी चमत्कारिक वाटलं तरी तपास. 70 च्या खाली गेली की तिथल्या तिथे तीन चमचे साखर पाण्यात घालून पी आणि पंधरा मिनिटांनी परत बघ. पेढा-बर्फी नको, खव्या-तुपामुळे ती साखर रक्तात उशिरा पोचते. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर त्या दिवशी उपवास सोडायचा, देवीपुढे हात जोडायचे आणि जेवायचं. तिचा कोप होत नाही, हे तुझी आई सांगतेय.

घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांकडे जा. कधी काय खाणार, शिफ्ट कोणती, हे कागदावर लिहून ने म्हणजे गोळीचा डोस आणि वेळ त्यांना ठरवता येईल. ते काय म्हणाले ते मला त्याच संध्याकाळी कळव. राजगिऱ्याचं पीठ दळून ठेवलंय, सुरतेला कोणी निघालं की पाठवते.

तुझी,
आई